किल्ला चुकीच्या काठावर

केरीच्या धक्क्यावर तुम्ही पोचता तेव्हा फेरीबोट पलीकडच्या काठाला टेकलेली असते, आणि ती इतक्यात यायची नाही. सुकती आहे. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा उघडा पडलाय. तो पाण्याखाली गेल्याशिवाय बोटीला वाट नाही. तुम्ही दुसऱ्यांदा घड्याळ बघता तसा मोटरसायकलवर कलंडून बसलेला एक जण हसतो. "उदक चडूं दी," म्हणतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो.

तोवर समोर बघा. पलीकडे डोंगराची सोंड पाण्यात उतरलीय आणि तिच्या नाकावर जांभ्या दगडाचा तेरेखोलचा किल्ला आहे. बसक्या भिंती, कोपऱ्यांवर बुटके गोल बुरूज, आत चर्च. महाराष्ट्रातले गड पाहिलेल्या माणसाला हा जरा खेळण्यातलाच वाटतो. तो पाहून ऊर भरून वगैरे येत नाही. पण एक गोष्ट खटकायला हवी. ही नदी महाराष्ट्र आणि गोवा यांच्यातली सीमा. उत्तर काठ सिंधुदुर्गाचा, दक्षिण काठ पेडण्याचा. तुम्ही उभे आहात ती केरी गोव्यात. मग उत्तर काठावरचा तो किल्लाही गोव्यातच कसा? नकाशावर सीमारेषा समुद्राकडून नीट नदीतून यायची ती मुखाशी उडी मारून डोंगरावर चढते, एवढा तुकडा पदरात घेते आणि मगच पाण्यात उतरते. मापाला चुकलेल्या शिंप्यासारखी.

पाणी भरायला लागलंय. एक होडी भरतीवर स्वार होऊन वरच्या अंगाला निघाली आहे. बसा तीत. बोटीच्या आधी परत याल.

सुरुवातीला काही वेगळं वाटत नाही. डाव्या हाताला आरोंद्याचे माड, उजव्या हाताला किरणपाणी, मधे पूल. पुलाखालून होडी जाते आणि मागे वळून बघता तर पूल नाही. मोपाच्या विमानतळाकडे उतरणारं विमान हवेतच विरतं. आणखी वर कोकण रेल्वेचा पूल लागायला हवा होता, तिथे नुसतं आभाळ. मागच्या माणसाने इंजिन बंद केलं असं वाटतं, पण इंजिन नव्हतंच. तो वल्हं मारतोय. विजेचे खांब गेले, मंगलोरी कौलं गेली, घरांवर गवताची शाकार आली. उत्तरेला रेडीच्या खाणींचे तांबडे खड्डे बुजले. तिथे 1976 साली खाणीत सापडलेली दोन हातांची गणेशमूर्ती पुन्हा मातीखाली जाऊन निवांत झाली.

मग डोंगर बदलतात. उतारांवरचा काजू विरळ होतो आणि एका वळणानंतर उरतच नाही. काजू पोर्तुगिजांबरोबर आला. तुम्ही आता त्यांच्या आधीच्या पाण्यात शिरताय. अननस गेला, पपई गेली. नावाड्याने पानात बांधून आणलेला भात-माशाचा घास तुमच्यापुढे धरला तर तोंडात टाका. आंबट आहे, सोलं आहेत, खोबरं आहे, जिभेला मिरीचा चटका आहे. मिरची नाही. लाल मिरचीशिवायचं माशाचं कालवण मालवणी मुलखात खाल्लं असं सांगितलंत तर घरी कोणी विश्वास ठेवणार नाही.

भरती जिथवर पोचते तिथे बांदा. 1516 च्या सुमाराचं, विजापूरच्या अंमलाखालचं. दरबारी कागदांत याचं नाव आदिलाबाद, पण धक्क्यावर ते कोणी घेताना ऐकू येत नाही. आज बांदा म्हटलं की महामार्ग, गोव्याला जाणाऱ्या गाड्या आणि तपासणी नाका आठवतो. इथे समुद्र मैलोगणती लांब असून बंदर आहे. नदीच्या चिखलात मचवे कलंडून पडलेत, रामघाटावरून उतरलेले लमाणांचे बैल पाठीवरच्या गोण्यांसकट उभे आहेत, तांदूळ मापला जातोय, मलबाराकडून आलेल्या माणसांशी हातवारे करून भाव ठरतोय. याच वर्षांत दुआर्ते बार्बोझा नावाचा पोर्तुगीज किनाऱ्यावरची बंदरं लिहून काढतो, त्यात बांद्याचं नाव आहे.

पण धक्क्यावरची कुजबुज ऐका. दक्षिणेला गोवं पडलंय, 1510 साली. नवे लोक समुद्रात जहाजं अडवतात, त्यांचा परवाना नसेल तर माल जातो, आणि अरबी घोडे तर फक्त त्यांच्याच बंदरात उतरले पाहिजेत. एक म्हातारा व्यापारी यावर नुसता पाण्याकडे बघतो. त्याला कळलंय. नदीतला गाळ नंतर येईल. बांद्याचं बंदर त्याआधीच आटायला लागलंय.

पाणी थबकतं. पाचोळा जागच्या जागी फिरतो. मग हळूच समुद्राकडे निघतो. सुकती लागली. आता खाली.

उतरताना एक लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या घडीला नदी सीमा नाही. दोन्ही काठ कुडाळच्या मुलखाचे. सातोसे गावची बाई पलीकडे दिलेली असते आणि पलीकडची अलीकडे. नदी ही गावांच्या मधली वाट. कुणी ‘ओलांडायची’ म्हणत नाही. तरीवर जातात आणि येतात. काठाची खाजन शेतं बघा. खारं पाणी अडवायला मातीचे बांध, त्यांत लाकडी दारांच्या मानशी. भरतीला दारं आपसूक मिटतात, सुकतीला उघडतात. या नदीवरचा पहिला आणि सर्वांत शहाणा नाका म्हणजे ती मानस. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं हे तिला विचारावं लागत नाही.

सतराव्या शतकात सावंतवाडीचे सावंत-भोसले मुखाशी किल्ला बांधतात. उत्तर काठावर, कारण डोंगर त्या काठाला आहे. एवढं साधं कारण. तीर खोल म्हणून तेरेखोल असं लोक सांगतात, आणि वरून खाली बघितलं की ते पटतं. वरून सगळा समुद्र दिसतो, नदीत शिरणारं प्रत्येक शीड दिसतं. सावंतांची लढाऊ गलबतं खाली नांगरलेली असतात. पोर्तुगीज आणि इंग्रज त्यांना चाचे म्हणत. परवाना न दाखवणाऱ्याचं जहाज लुटणारे स्वतःला मात्र आरमार म्हणवत. असो.

आता होडीतून उतरा आणि वर चढा. 1746 चा नोव्हेंबर आहे. तुम्हाला इथे आठवडाभर राहायचंय.

तुम्ही शिबंदीतले एक. घर आरोंद्याला, म्हणजे खरं तर हाकेच्या अंतरावर. भातं कापून झालीत, उडव्या रचल्या जातायत, आणि तुमच्या खळ्यावर झोडणीला माणूस कमी आहे हेच डोक्यात. मे महिन्यात दक्षिणेला हळर्णचा किल्ला पडला तेव्हापासून इथे कुणी नीट झोपलेलं नाही. घेणारा पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा. हळर्ण त्याला इतकं मानवलं, की पुढे त्याच्या घराण्याची पदवीच ‘हळर्णचा मार्कीझ’ अशी झाली. त्याची नात त्याच पदवीने पोर्तुगीज साहित्यात मोठी कवयित्री म्हणून गाजली. पेडण्यातल्या एका गावाचं नाव लिस्बनच्या काव्यसभांत घेतलं जाणार आहे. तुम्हाला त्याचं काय. तुम्ही क्षितिजावरची शिडं मोजताय.

16 तारखेला ती नदीच्या तोंडाशी येतात. वरून बघताना लढाई विचित्र संथ दिसते. आधी धूर, मग आवाज. खाली सावंतांची गलबतं दांड्याच्या आडोशाने लढतायत. कुठे पाणी आहे आणि कुठे वाळू हे त्यांना डोळे मिटून ठाऊक आहे. मोठी जहाजं सांभाळून अंतर राखतात. दुपारी तर वाटतं, जमलं. संध्याकाळी वाळूवर फळ्या लागतात, दोरखंड लागतात, माणसं लागतात. ज्यांना ओळखता येतं त्यांना ओळखून बायका घेऊन जातात.

मग जमिनीवरून. रोज थोडं. जांभ्याची भिंत तोफेच्या गोळ्याने फुटत नाही, ढासळते. तांबडी धूळ उडते आणि घामावर बसते. कोणाचं रक्त आणि कोणाची माती हे कळेनासं होतं. किल्ल्यात पाणी जपून वाटलं जातं. तिसऱ्या का चौथ्या रात्री शेजारचा पोरगा भिंतीवरून गावाकडे बघत म्हणतो, "आमच्या घराकडे दिवो दिसता मरे." दिवा दिसतो खरा. तो त्याच्याच घरातला की कसं, ते तुम्ही बोलत नाही.

23 नोव्हेंबरला दार उघडतं. तुम्ही शस्त्र ठेवून उताराने खाली येता आणि चालत घरी जाता, कारण घर जवळच आहे. इथेच सगळं आहे बघा. किल्ला गेला, पण किल्ल्याच्या पायथ्यापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंतची जमीन सावंतांचीच राहिली. पोर्तुगिजांनी त्या धुमश्चक्रीत रेडीही घेतली होती, ती पुढे सुटली. तेरेखोल सोडलं नाही. 1764 साली त्यांनी ते नव्याने बांधून काढलं. तुम्ही ज्याच्या भिंतीवर उभे होता तोच किल्ला आता तुमच्या गावाकडे डोळे लावून बसला.

पलीकडे केरीसह पेडणे महाल मात्र अजून पोर्तुगिजांचा व्हायचा आहे. कोल्हापूरकरांनी सावंतवाडीला पेचात धरलं तेव्हा मदतीच्या बदल्यात सावंतांनी पेडणे देऊन टाकलं, 1788 साली. म्हणजे किल्ला आधी गेला आणि काठ बेचाळीस वर्षांनी. नदी सीमा झाली ती या दुसऱ्या व्यवहाराने. तोवर किल्ल्याने उत्तर काठावर मूळ धरलं होतं. रेषा आखणाऱ्यांना तो खिळा उपटता आला नाही, त्यांनी दोरी त्याच्या भोवतीने फिरवली. शिंपी चुकला नव्हता; कापडच आधी फाटलेलं होतं.

पुढची शंभर वर्षं बुरुजावरून बघा, भरभर जातील. 1819 मध्ये इंग्रज रेडीचा यशवंतगड घेतात, शेजारी बदलला. 1835 मध्ये बेर्नार्दो पेरेस द सिल्वा नावाचा गोव्यातच जन्मलेला माणूस पणजीत सर्वोच्च गादीवर बसतो आणि सतरा दिवसांत हाकलला जातो. त्याची बाजू घेणारी तेरेखोलची शिबंदी याच आवारात कापली गेली. पोर्तुगिजांनी पोर्तुगिजांची. 1844 मध्ये सावंतवाडीत बंड पेटतं, फोंड सावंत तांबुळकर आणि राजपुत्र अण्णासाहेब इंग्रजांपासून निसटून गोव्यात शिरतात. काही वर्षांनी गोव्यातले राणे पोर्तुगिजांविरुद्ध उठाव करतात तेव्हा पळण्याची दिशा उलटी. एका काठावरचा बंडखोर दुसऱ्या काठावरचा पाहुणा. सीमेचा हा एवढा उपयोग मात्र दोन्हीकडच्या लोकांना पहिल्या दिवसापासून कळलेला होता.

आणि मग मीठ. इथे जरा थांबा, कारण इतिहासाची पुस्तकं इथे थांबत नाहीत. 1878 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज करार करतात: दोघांमधली जकातीची भिंत काढून टाकायची. ऐकायला किती छान. बदल्यात गोव्यातलं मीठ इंग्रजांच्या ताब्यात, आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. का? कारण इंग्रजी हद्दीत मिठावर जबर कर आणि पलीकडे ते मातीमोल. तर 1880 च्या एका अंधाऱ्या रात्री तुम्ही पेडण्याच्या काठावरून एक गोणी होडीत ठेवताय. सोनं नाही, अफू नाही. मीठ. शतकानुशतकं ज्या आगरांत तुमच्या आज्याने पायाने चिखल तुडवला त्यांतलं. पकडला गेलात तर गुन्हेगार. गोणी ओली होऊन अंगावर पाझरते, पाठीला चरचरतं. करार 1892 मध्ये संपला. पाठीची आग विसरायला जास्त वेळ लागला असेल. किल्ल्यापासून उत्तरेला थोड्याच अंतरावर शिरोडं. 1930 च्या मे महिन्यात तिथल्या मिठागरांवर लाठ्या खात लोक मूठमूठ मीठ उचलणार होते. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच गावात शाळामास्तर होते. मिठाचा सत्याग्रह दांडीहून शिरोड्याला आला असं आपण शिकतो. या नदीवरच्या लोकांनी तो पन्नास वर्षं आधीच रात्रीचा केलेला होता, घोषणा न देता.

1954. मुंबई राज्यात दारूबंदी आहे, गोव्यात नाही. रात्रीच्या होड्यांत आता मिठाऐवजी बाटल्या, घड्याळं. पण 15 ऑगस्टला दिवसाढवळ्या माणसं येतात. आल्फ्रेड आफोन्सो यांच्याबरोबर गोमंतकीय सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरतात आणि तिरंगा लावतात. थोडाच काळ, मग अटक. पण दोनशे आठ वर्षांनी किल्ल्यावर दुसरं निशाण होतं.

पुढचा ऑगस्ट. 1955. तुम्ही रेडीच्या बाजूने चालत येताय. पाऊस असा, की पुढच्या माणसाची फक्त टाच दिसते. पायात चपला नाहीत, कारण चिखलाने त्या पहिल्या मैलातच ठेवून घेतल्या. इथे तो चुकलेला काठ कामाला येतो. गोव्याचा हा तुकडा नदीच्या अलीकडे आहे. होडी लागत नाही, तरीवरचा पहारा चुकवावा लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वी तुम्ही ज्या उताराने शस्त्र ठेवून खाली आला होता त्याच उताराने आज बिनशस्त्र वर चढायचंय. वर पाखले आहेत, म्हणजे पोर्तुगीज शिपाई. हातात बंदुका आहेत, आणि त्यांनाही पाऊस लागतोय. बांद्याजवळ पत्रादेवीला हीच सकाळ, हाच पाऊस, आणि तिथेही गोळ्या.

आवाज पावसात बसका येतो. फांदी मोडावी तसा. पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हे दोघे तेरेखोलला हुतात्मा झाले. एक मास्तर माणूस पनवेलहून इतक्या लांब, या न पाहिलेल्या नदीच्या मुखाशी येऊन पडला. ज्याला तुम्ही खेळण्यातला किल्ला म्हणाला होतात त्याच्या दाराशी. तुम्ही तो शब्द मनातल्या मनात मागे घेता.

त्यानंतर सहा वर्षं नदी खरोखरची भिंत होते. भारत सरकार नाकेबंदी करतं, होड्यांच्या तरी बंद होतात. केरीतली बाई आरोंद्याला माहेरी जाऊ शकत नाही. माहेरचा धूर तिला दिसतो. मिठाचा नाही, दारूचा नाही, चाचेगिरीचा नाही, हा या नदीचा सर्वांत लांब उपास आहे, माणसांचा. 1961 च्या 19 डिसेंबरला गोवा मुक्त होतो आणि तो उपास सुटतो. त्या दिवशी सगळ्यांत आधी काय झालं असेल? मला विचाराल तर भाषण नाही. कुणीतरी होडी पाण्यात ढकलली असेल.

भोंगा वाजतो. तुम्ही केरीच्या धक्क्यावर आहात, आणि फेरीबोट आपली लोखंडी जीभ सिमेंटवर आपटत लागली आहे. दांडा पाण्याखाली गेलाय. मोटरसायकलवाला तुमच्या आधी आत. काही मिनिटांत पार. नावाड्याच्या हातातल्या काठीइतकी ही सीमा रुंद.

किल्ल्यात फार बघण्यासारखं नाही. मधे सरकारने तो हॉटेलाला दिला होता. सात खोल्या, त्यांना सात वारांची नावं. भिंतीवर टेकून तुम्ही खाली बघता. डावीकडे केरीची वाळू, उजवीकडे रेडीकडे वळलेला किनारा, पायथ्याशी तेरेखोल गाव, मूठभर घरं. जमिनीचा रस्ता इथून फक्त महाराष्ट्रात जातो. बाजार शिरोड्याचा, कचेरी पेडण्याची. मधे ही बोट आणि तिची सुकती.

उताराला एक म्हातारे गृहस्थ भेटतात. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. तुम्ही म्हणता, आज कुठे निघालात काका?

"आज खंय?" ते नदीपलीकडे बघत म्हणतात. "फाल्यां. फाल्यां गोंयां वचपाचें आसा."